छज्जाखालचं पोळं: गांधीलमाश्या, आग्या मोहोळ आणि घराभोवतीचे इतर डंखवाले किडे

खिडकीच्या छज्जाखाली पोळं दिसलं की घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, आत्ताच जाळून टाका. दुसरा म्हणतो, राहू दे, काही करत नाहीत त्या. यातलं कोण बरोबर हे पोळं कोणाचं आहे त्यावर ठरतं. म्हणून झाडू, काठी, स्प्रे यांतलं काहीही हातात घेण्याआधी आठ-दहा फुटांवर उभं राहून दोन मिनिटं बघा. मोबाइलने झूम करून फोटो काढला तर आणखी चांगलं. फोटो मोठा करून माश्या मोजता येतात आणि माणूस बोलवायची वेळ आली तर त्यालाही तोच पाठवता येतो.

कोण आहे ते आधी ओळखा

गांधीलमाशीचं साधं पोळं उलट्या छत्रीसारखं असतं. वर बारीक काळपट देठ, खाली राखाडी, कोरड्या कागदासारखी षट्कोनी घरं, तोंडं जमिनीकडे. हा खरोखरच कागद असतो. माशी जुन्या, रंग उडालेल्या लाकडाचा भुसा खरवडते आणि लाळेत मळून त्याच्या भिंती उभारते. काही घरांवर पांढऱ्या टोप्या दिसतात, त्यांच्या आत कोष असतात. माशी सडपातळ, तपकिरी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी. उडताना तिचे मागचे पाय खाली लोंबकळतात. लांबून ओळखायला ही खूण सर्वांत सोपी.

मोठी गांधील वेगळी. ती अंगठ्याच्या पेराएवढी, काळी किंवा विटकरी असते आणि पोटावर रुंद पिवळा पट्टा असतो. तिचं पोळं बहुतेक वेळा दिसतच नाही. भिंतीतल्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात किंवा बंद पडलेल्या पेटीत ते असतं आणि बाहेरून फक्त एका भोकातून सतत ये-जा दिसते. उघड्यावर असलं तर त्यावर कागदी आवरण असतं, फुटबॉलएवढं किंवा त्याहून मोठं.

मधमाश्यांची मोहोळं मेणाची असतात. इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच झाडाला लटकलेला, हातभर रुंद, माश्यांनी गच्च झाकलेला एकच काळपट पडदा दिसला तर ते आग्या मोहोळ. डहाळीभोवती गुंडाळलेलं, तळहाताएवढं मोहोळ फुलोरी माशीचं. भिंतीच्या किंवा झाडाच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी असतील तर ती सातेरी. हिला मधपाळ पेटीतही पाळतात.

काढायचं की ठेवायचं

सगळी पोळी काढायची गरज नसते. गांधीलमाश्या आपल्या पिल्लांना अळ्या चावून चारतात. परसात वांगी, टोमॅटो, कोबी असेल तर त्या फुकटात राखण करतात. तिसऱ्या मजल्याच्या बंद बाजूला, जिथे कुणाचा हात-पाय पोचत नाही तिथलं पोळं तसंच राहू द्यावं. मात्र दार, खिडकीची कडी, कपडे वाळत घालायची दोरी, मीटरची पेटी, जिन्याचा कठडा किंवा मुलांची खेळायची जागा यांपासून पाच-सहा फुटांच्या आत असेल तर काढलेलं बरं. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर विचारच करू नका, काढून घ्या. त्या घरातल्या माणसाने मात्र ते स्वतः काढू नये.

स्वतः काढण्याची मर्यादा आम्ही अशी धरतो: उघड्यावरचं, साध्या गांधीलमाशीचं, तळहातापेक्षा लहान, दहा-पंधरा माश्यांचं आणि जमिनीवर उभं राहून पोचता येईल असं पोळं. यातली एक अट जरी मोडली तरी कीटकनियंत्रणवाला किंवा सर्पमित्रासारखं हे काम जाणणारा स्थानिक माणूस बोलवा. शिडीची अट विशेष महत्त्वाची आहे. डंखापेक्षा डंख चुकवताना शिडीवरून पडल्याने होणारी इजा जास्त वाईट असते.

पोळं अगदीच नवं असेल, तीन-चार घरं आणि त्यावर एकच माशी, तर एवढा खटाटोप नको. ती चरायला गेली की लांब दांड्याच्या झाडूने पोळं पाडा, देठाची जागा खरवडा आणि साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. ती एक-दोन दिवस तिथेच घुटमळेल, पुन्हा देठ लावायचा प्रयत्नही करेल. दोन-तीनदा पुसलं की दुसरीकडे जाते. दर आठवड्याला छज्जाखालून एक नजर फिरवणाऱ्याला पुढचं सगळं वाचावं लागत नाही.

तळहातापेक्षा लहान पोळं काढण्याची रीत

वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या ते एका तासाने. दिवसा निम्म्या माश्या बाहेर असतात. पोळं पाडलं की त्या परत येतात आणि तुम्ही निघून गेल्यावर तिथे कपडे काढायला आलेल्या माणसाला चावतात. रात्री सगळ्या पोळ्यावर असतात, सुस्त असतात, आणि अंधारात नीट उडू शकत नाहीत.

साहित्य घरातलंच आहे. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिलि, भांडी घासायचं लिक्विड. पाणी आधी, लिक्विड नंतर, आणि हलवायचं नाही, हळूच ढवळायचं. फेस झाला की पंप अडकतो आणि धार तुटते. हे मिश्रण झाडांवर फवारायच्या एक-दोन लिटरच्या हातपंपात भरा. नोझल फिरवून सरळ धारेवर आणा आणि आधी रिकाम्या भिंतीवर मारून बघा. धार सहा फूट तरी नेमकी गेली पाहिजे. साबणामुळे पाणी माशीच्या मेणचट अंगावरून ओघळत नाही. ते पसरतं, श्वासाच्या बारीक छिद्रांत शिरतं, आणि पंख भिजल्याने ती उडू शकत नाही. नुसत्या पाण्याचा पाइप मारला तर यातलं काहीच होत नाही. माश्या ओल्या होतात, चिडतात आणि धारेच्या उगमाकडे येतात.

डास-झुरळांचा डबाबंद स्प्रेही चालतो, पण त्याचा फवारा दीड-दोन फुटांपुढे विरतो. म्हणजे तुम्हाला पोळ्याच्या फार जवळ जावं लागतं. तो पेट घेणारा असतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ गॅस चालू असताना मारू नका, आणि फवारल्यावर उदबत्तीसुद्धा लावू नका.

अंगावर दोन थर हवेत: पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आणि त्यावर रेनकोट. पँटचे पाय मोज्यांच्या आत, बाह्यांची टोकं रबरी हातमोज्यांच्या आत घालून वर रबरबँड. डोक्यावर काच असलेलं हेल्मेट. बहुतेकांचं चुकतं ते मानेपाशी. हेल्मेट आणि कॉलर यांमधली चार बोटं उघडी राहतात आणि पहिला डंख तिथेच बसतो. ओढणी किंवा पंचा गळ्याभोवती गुंडाळून टोकं रेनकोटात खोचा. काळे, गडद कपडे टाळा. अत्तर, केसांचं सुवासिक तेल नको.

आता प्रत्यक्ष काम. आधी घरात परतायचं दार ठरवा, ते अर्धवट उघडं ठेवा आणि आत एक माणूस उभा करा. तुम्ही आत शिरलात की दार लावायचं, एवढंच त्याचं काम. शेजाऱ्यांना सांगून वरखालच्या खिडक्या बंद करून घ्या. बाल्कनीतला आणि खोलीतला दिवा घालवा, कारण अंधारात उडालेली माशी थेट उजेडाकडे येते. टॉर्च हातात धरू नका. लाल जिलेटिन कागद दोन घड्या करून तिच्या काचेवर बांधा आणि ती एका बाजूला स्टुलावर ठेवा. लाल रंग माश्यांना जवळपास दिसत नाही.

पोळ्याच्या अगदी खाली उभं राहू नका, तिरकं उभं राहा, वारा पाठीमागून येईल असं. पहिली धार थेट पोळ्याच्या मध्यावर मारा आणि दहा-पंधरा सेकंद न थांबता मारत राहा. धार चुकवत, थांबत, "लागलं का" बघत मारणं हीच या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्या तीन सेकंदांत भिजली नाही ती माशी तुमच्याकडे येते. खाली पडलेल्या, तडफडणाऱ्या माश्यांवरही एकेक फवारा मारा. मग शांतपणे आत जा, दार लावा, वीस मिनिटं थांबा.

पोळ्यावर काही हालत नाही याची खात्री झाली की पत्र्याच्या पट्टीने देठ कापा आणि पोळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. रात्रभर बुडवून ठेवा. टोप्यांखालचे कोष फवाऱ्याने मरतीलच असं नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकलेल्या पोळ्यातून नंतर माश्या बाहेर पडू शकतात. मेलेल्या माश्या झाडूने गोळा करा, हाताने नाही. मेलेल्या माशीची नांगीही टोचते. सकाळी उजेडात देठाची जागा खरवडून धुवा आणि शक्य असेल तर तिथे तैलरंगाचा एक हात मारा.

जाळायचं मात्र नाही. काठीला तेलाचा फडका बांधून पेटवणं गावाकडे चालत आलंय, पण तिथे वर मोकळं आभाळ असे. आज त्याच छज्जाखाली एसीचं युनिट, प्लॅस्टिकचे पाइप आणि केबलची जाळी असते. पेट्रोल-रॉकेल ओतण्याचंही तेच.

भोकातली मोठी गांधील

भिंतीच्या किंवा पेटीच्या भोकातून ये-जा दिसली की माणसाच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती सिमेंट. भोक कधीही बुजवू नका. अडकलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट बऱ्याचदा फॉल्स सीलिंगमधून, विजेच्या बोर्डामागून किंवा पंख्याच्या हुकाशेजारून तुमच्या खोलीत निघते. मोठी गांधील एकापाठोपाठ अनेक डंख मारते, तिची नांगी कातडीत अडकत नाही. पावसाळा संपताना हे पोळं सर्वांत भरलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची साफसफाई निघते. माळा, गच्चीवरची अडगळ, जुनं कपाट हलवण्याआधी दिवसाउजेडी पाच मिनिटं लांबून बघा की कुठून ये-जा चालू आहे का. दिसली तर वस्तू न हलवता जाणकाराला बोलवा.

आग्या मोहोळ

इथे आमचं मत ठाम आहे: हात लावू नका, दगड तर नाहीच, आणि नुसता फवारा मारायला कुणाला पैसेही देऊ नका. एका मोहोळात हजारो माश्या असतात. एक डंख बसला की नांगीबरोबर पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास बाकीच्यांना "इथेच मारा" असं सांगतो. विष मारलेल्या मोहोळातून पुढचे एक-दोन दिवस अर्धमेल्या माश्या जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये पडत राहतात. डंख मग ज्याने फवारणी केली त्याला नाही, इस्त्रीवाल्याला आणि शाळेतून आलेल्या मुलाला बसतात.

आग्या माश्या कायमच्या राहत नाहीत. साधारण पावसाळ्यानंतर येतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत जातात. मोहोळ उंच असेल आणि वाटेत नसेल तर सोसायटीने तेवढे महिने काढावेत: त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी, खाली धूर नाही, फटाके नाहीत, रंगकाम आणि टाकीची सफाई पुढे ढकललेली. काढणं भागच असेल तर मध काढणारा अनुभवी मधपाळ शोधा. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, मधपाळांची माहिती मिळवायची तर तिथे विचारता येतं. माश्या निघून गेल्यावर एक काम राहतं: भिंतीला चिकटलेलं मेण पूर्ण खरवडून, गरम पाण्याने धुऊन काढणं. ते राहिलं तर त्याच्या वासाने पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोहोळ लागण्याची शक्यता वाढते.

अशा इमारतीत रात्री ट्यूबलाइटभोवती मधमाश्या घिरट्या घालताना दिसतात. खिडकी लावा, पडदा ओढा, पिवळा मंद दिवा लावा. सकाळी दिव्याखालची फरशी आधी झाडा, मगच पोरांना अनवाणी सोडा.

माश्या उठल्याच तर हात न झटकता सरळ पळा. शर्ट किंवा ओढणी तोंडावर ओढून, श्वास घ्यायला जागा ठेवून, जवळच्या बंद खोलीत किंवा गाडीत शिरा आणि काचा लावा. आग्या माशी शंभर मीटरहून अधिक पाठलाग करू शकते, त्यामुळे वाटेत झाडामागे थांबून उपयोग नाही. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका. त्या वर थांबून राहतात आणि तुम्हाला श्वासासाठी तोंड वर काढावंच लागतं. गोठ्यातली जनावरं आणि बांधलेला कुत्रा यांचा दोर कापता आला तर कापा, त्यांना पळता येत नाही.

बाल्कनीच्या कठड्यावर अचानक माश्यांचा घोस येऊन बसला, पण मेणाचं पोळं नाही, तर तो नव्या घराच्या शोधातला थवा असतो. सोबत पिल्लं नसल्याने तो शांत असतो आणि बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत निघून जातो. बाल्कनीचं दार लावून ठेवा, बस.

ज्यांना घाबरायचं कारण नाही

कुंभारीण माशी मातीची मडकी करते, कधी ट्यूबलाइटच्या पट्टीवर, कधी चार्जरच्या सॉकेटमध्ये. ती एकटी राहते आणि घरासाठी भांडत नाही. मडकं ओलं करून पट्टीने खरवडा. आत पक्षाघात झालेले कोळी किंवा अळ्या निघतील, ती पिल्लांची शिदोरी. सॉकेट मात्र मेन स्विच बंद केल्याशिवाय टोकरू नका. तीन पिनांचे रिकामे सॉकेट आणि एसीच्या पाइपाचं तोंड या तिच्या आवडत्या जागा. पाइप बुजला की पाणी खोलीत उलटं येतं. तोंडाला बारीक जाळी बांधली की काम झालं.

बाथरूमच्या भिंतीवर एक बारीक काळी माशी आपलं चिमुकलं पोट झेंड्यासारखं वरखाली हलवत चालते. तिला मारू नका. ती झुरळांच्या अंड्यांच्या डब्यांत आपली अंडी घालते, म्हणजे ती दिसली याचा अर्थ घरात झुरळं आहेत. बंदोबस्त त्यांचा करा.

काळा भुंगा वाशात, बांबूत करंगळीएवढं गोल भोक पाडतो आणि खाली पिवळसर भुसा सांडतो. नराला नांगी नसते, मादी मुठीत धरल्याशिवाय डंख मारत नाही. भोक रिकामं आहे याची खात्री करून लाकडी खुंटी ठोका आणि वाशाला वॉर्निश मारा.

शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंट गठ्ठ्याने बसतात. त्यांचा डंख नांगीचा नाही, केसांचा. अंगाला लागले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, तीन-चार वेळा नवी पट्टी घ्या, मग साबणाने धुवा. कपडे वेगळे धुवा.

डंख बसला तर

मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि पिशवी आणखी काही सेकंद विष सोडत राहते. ती नखाने, कार्डाच्या कडेने, मिळेल त्याने लगेच काढा. चिमटा शोधायला जाण्यात वेळ जातो. गांधिलीचा डंख असेल तर काढायला काही नसतं. जागा साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा. हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधी उतरवा. खाज फार असेल तर मोठ्या माणसाला सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालते. सूज दुसऱ्या दिवशी वाढू शकते, त्यात घाबरण्यासारखं नाही. चुना, लोखंड, तुळशीखालची माती हे सगळं आपल्याकडे लावतात. लोखंड घासल्याने काही बिघडत नाही, काही साधतही नाही. चुन्याने कातडी भाजते आणि जखमेला माती लावणं म्हणजे धनुर्वाताला बोलावणं.

दवाखान्यात कधी धावायचं ते घरात सगळ्यांना माहीत हवं: डंखाच्या जागेपासून लांब अंगभर गांध्या, ओठ-जीभ-घसा सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलट्या, चक्कर. ही लक्षणं काही मिनिटांत सुरू होतात. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. सेटिरिझिनने हे थांबत नाही, म्हणून गोळी देऊन वाट बघत बसू नका. तोंडात किंवा घशात डंख असेल तर लक्षणं नसली तरी निघा. ॲलर्जी नसतानाही मोठ्या माणसाला पन्नासच्या आसपास, लहान मुलाला दहा-वीस डंख झाले तर रुग्णालयात ठेवावं लागतं. विषाचा मार मूत्रपिंडावर बसतो. पुढच्या दोन दिवसांत लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली तर लगेच सांगा.

पुन्हा लागू नये म्हणून

रंग उडालेल्या लाकडी चौकटी आणि बांबू रंगवून घ्या. गांधिलीचा कागदाचा कच्चा माल तोच. मीटरच्या पेटीची, गीझरच्या पाइपाशेजारची, ॲल्युमिनियमच्या खिडकीतली भोकं सिलिकॉनने भरा, पण आधी दोन दिवस ये-जा नाही हे बघून. आंब्याच्या साली, मासळीचं पाणी, गुळाची ढेप उघडी ठेवू नका. उन्हाळ्यात मधमाश्या गळक्या नळावर येतात. नळ दुरुस्त करा आणि अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात उथळ ताटलीत खडे आणि पाणी ठेवा, त्या तिकडे वळतात. वर्षभर पडून असलेलं हेल्मेट, गमबूट आणि दुचाकीचं कव्हर वापरण्याआधी आपटून घ्या. आणि पाडव्याला माळ्यावरून गुढीची काठी उतरवताना तिच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारून बघा. बांबूची पेरं भुंग्याला फार आवडतात.